वायफायवर फोनचा आवाज का तुटतो?

प्रश्न : ऑफिसात आठ आयपी फोन वायफायवर चालतात. अ‍ॅक्सेस पॉइंटवर (वायफाय देणाऱ्या उपकरणावर) डब्ल्यूएमएम, म्हणजे आवाजासारख्या पॅकेटांना आधी पाळी देणारी सोय, चालू आहे. तरी कुणी मोठी फाइल डाउनलोडला लावली की आम्हाला समोरच्याचं बोलणं तुटक ऐकू येतं; समोरच्याला मात्र आमचं नीट ऐकू जातं. काय तपासावं?

उत्तर : कोणत्या बाजूला तुटतं हे तुम्ही लिहिलंत, त्यामुळे निम्मं काम झालं. गडबड येणाऱ्या पॅकेटांत आहे. डब्ल्यूएमएम फक्त हवेत पाळी कुणाची आधी एवढंच ठरवतं, आणि तेही सहसा पॅकेटवरची डीएससीपी खूण (कोणतं पॅकेट किती घाईचं हे सांगणारा आकडा) वाचून. खूण नसेल तर आवाज आणि फाइल एकाच रांगेत उभे राहतात.

आधी फाइल उतरत असताना वायफायवरच्या लॅपटॉपवरून एकाच वेळी दोन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावा, एक आपल्या राउटरला आणि दुसरा बाहेरच्या सर्व्हरला. राउटरचा आकडा स्थिर राहून बाहेरचा २० वरून २०० मिलिसेकंदांवर गेला, तर तुंबारा इंटरनेटच्या लाइनवर आहे आणि अ‍ॅक्सेस पॉइंटवर काहीही बदललं तरी उपयोग नाही. राउटरमध्ये केक किंवा एफक्यू-कोडेल (रांग लांबू न देणाऱ्या पद्धती) चालू करा आणि वेगमर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. मर्यादा पूर्ण वेगाइतकी ठेवली तर रांग राउटरच्या हातात राहत नाही. ही चूक बरेचदा होते.

दोन्ही आकडे चढले तर तुंबारा वायफायवर असू शकतो. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या वायरवर पोर्ट मिररिंग करून (स्विचच्या त्या पोर्टवरच्या पॅकेटांची प्रत दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क या पॅकेटं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कॉल पकडा. फोनकडे जाणाऱ्या आरटीपी (आवाज वाहून नेणाऱ्या) पॅकेटवर डीएससीपी ४६ हवा. ० दिसला तर खूण वाटेत पुसली गेली आहे किंवा मुळात लावलीच नव्हती. आधी स्विचच्या पोर्टवर ‘ट्रस्ट डीएससीपी’ (आलेली खूण तशीच ठेवण्याची सेटिंग) आहे का बघा. तो असेल तर राउटरमध्ये नियम लिहा : फोन सेवेच्या सर्व्हरकडून येणाऱ्या आरटीपीला ४६ लावा.

४६ दिसला तरी एक खोच उरते. डब्ल्यूएमएममध्ये ० ते ७ या आकड्यांवरून रांग ठरते, आणि तो आकडा काढताना बरेच अ‍ॅक्सेस पॉइंट डीएससीपीचे पहिले तीनच बिट बघतात. बिटांमध्ये ४६ म्हणजे १०१११०. पहिले तीन १०१, म्हणजे ५, आणि ५ ही व्हिडिओची रांग. व्हॉइसची रांग ६ आणि ७ ची. व्हिडिओ मीटिंग सुरू झाल्यावर हा फरक जाणवतो. ‘क्यूओएस मॅप’ची (कोणत्या खुणेला कोणता आकडा हे ठरवण्याची) सोय असेल तर ४६ ला ६ द्या, आरएफसी ८३२५ या २०१८ च्या इंटरनेट मानक दस्तऐवजातही हीच शिफारस आहे.

प्रश्न : मग सगळीच पॅकेटं व्हॉइसच्या रांगेत टाकली तर?

उत्तर : मुळीच नको. पाठवण्याआधी प्रत्येक उपकरण वेळेच्या काही खाचा (स्लॉट) थांबतं. साध्या रांगेत तो आकडा ० ते १५ मधून निवडला जातो, व्हॉइसमध्ये ० ते ३ मधून. दोघांनी एकच आकडा निवडण्याची शक्यता सोळात एकवरून चारात एक होते. सगळे तिथे घुसले की टकरा वाढतात आणि सर्वांचाच वेग पडतो.

प्रश्न : डब्ल्यूएमएम बंद केल्यावर लॅपटॉप ५४ एमबीपीएसच्या वर जाईना. अ‍ॅक्सेस पॉइंट बिघडला का?

उत्तर : नाही. ८०२.११एन आणि पुढच्या वायफाय मानकांना डब्ल्यूएमएम लागतंच. ते नसेल तर जोडणी जुन्या वेगावर उतरते. परत चालू करा.