अतिनील प्रकाशातला विंचू: स्वयंप्रकाशी की प्रतिदीप्त?

प्रश्न असा आहे: अतिनील टॉर्चखाली विंचू हिरवा चमकतो. त्याला ‘स्वयंप्रकाशी’ म्हणावं, की ‘प्रकाश परावर्तित करणारा’?

दोन्ही नको. याला शब्द आहे प्रतिदीप्ती; काही लेखक अनुस्फुरण म्हणतात, तेही चालेल. स्वयंप्रकाशी म्हणजे काजवा. त्याच्या शरीरात ल्युसिफेरिन या द्रव्याची ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि मिट्ट काळोखातही उजेड पडतो. ती जीवदीप्ती. विंचवाला मात्र बाहेरून प्रकाश लागतो. त्याच्या कवचाच्या एका पातळ थरात बीटा-कार्बोलीनसारखी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण शोषतात, थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि उरलेली जास्त तरंगलांबीच्या निळसर-हिरव्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. परावर्तनात तरंगलांबी तीच राहते, म्हणून तो शब्दही बसत नाही. स्पिरिटमध्ये ठेवलेला मेलेला विंचूसुद्धा चमकतो. नुकती कात टाकलेला जिवंत विंचू जवळजवळ चमकत नाही. कवच टणक होत जातं तशी चमक येते.

खात्री करायची तर ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्यावा. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५चे असतात. त्यांचा जांभळा उजेड डोळ्यांना दिसतो, त्यात फिकी चमक हरवते आणि नुसतं परावर्तनही प्रतिदीप्ती वाटतं. कॅमेऱ्यापुढे जांभळा प्रकाश अडवणारी पिवळी काच धरावी. हिरवा रंग टिकला तर ती प्रतिदीप्ती. टॉर्च विझताच चमकही विझायला हवी. रेंगाळली तर ती स्फुरदीप्ती, घड्याळाच्या काट्यांवरच्या रंगासारखी. कापडाचे धागेही साबणातल्या शुभ्रकांमुळे चमकतात, ते आधी झटकावेत. टॉर्च डोळ्यांवर मारू नये.

‘का चमकतो’ असं लिहिताना जपावं. कशामुळे, ते वर आलंच. कशासाठी, यावर अजून एकमत नाही. आडोसा शोधायला उपयोग होत असावा, हा एक तर्क आहे. बातमीत तर्काला तर्कच म्हणावं.

दोन्ही शब्द लागतात असा प्राणीही आहे: एक्वोरिया व्हिक्टोरिया हा जेलीफिश. त्याचं एक्वोरिन हे प्रथिन कॅल्शियम मिळताच निळा प्रकाश देतं, ही जीवदीप्ती. शेजारचं जीएफपी (हिरवं प्रतिदीप्त प्रथिन) ती ऊर्जा घेऊन हिरवा प्रकाश सोडतं, ही प्रतिदीप्ती. याच जीएफपीच्या कामासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.