‘मुलगा चांगला आहे, पण...’

“मुलगा चांगला आहे, नावं ठेवायला जागा नाही. पण माझं त्याच्यावर प्रेम नाही. तरी लग्न करू का?” हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला समुपदेशनासाठी आलेल्या अनेकींनी विचारला आहे. इथे सांगते आहे ती तरुणी 26 वर्षांची होती. तिची ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी गाळले आहेत. घरच्यांनी सुचवलेल्या मुलाला तिने होकार दिला होता आणि त्या दिवसापासून तिला धड झोप लागत नव्हती.

खुर्चीत बसताच तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. बोलता बोलता तो दोनदा थरथरला आणि दोन्ही वेळा तिची बोटे पर्सच्या पट्ट्याभोवती आवळली गेली. “त्याचाच मेसेज असेल. रोज ‘जेवलीस का’ विचारतो. चांगलंच आहे ना ते?”

तिच्या मनात दुसरे कोणी नाही, हे मी आधी विचारून घेतले, कारण तसे असते तर प्रश्नच वेगळा झाला असता. त्यानंतरही ‘प्रेम नाही’ या शब्दांचे दोन अर्थ उरतात. माणसाची पुरेशी ओळखच नसल्यामुळे काही वाटत नाही, ही एक अवस्था. ओळख वाढते आहे आणि तसतसे मन मागे सरते आहे, ही दुसरी. दोन्हींना एकच सल्ला देणारी माणसे मला नेहमी घाईत असलेली वाटतात.

‘लग्नानंतर प्रेम होतं’ हा दिलासा अगदीच खोटा नाही. रॉबर्ट स्टर्नबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रेमाचे जवळीक, ओढ आणि बांधिलकी असे तीन घटक मांडले. बांधिलकी आधी येऊन जवळीक मागाहून वाढलेली जोडपी मीही पाहिली आहेत. रॉबर्ट झायन्स या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, एवढ्यानेही ती आवडू लागू शकते. मात्र दिलासा देणारे पुढचा भाग विसरतात. नंतरच्या प्रयोगांत असेही दिसले की पहिले मत प्रतिकूल असेल तर सहवासाने आवड वाढेलच असे नाही, उलट नावड घट्ट होऊ शकते. म्हणून तिचे मन कोरे आहे की नाराज, हे पाहणे भाग होते.

मी तिला विचारले, “समजा, आत्ता निरोप आला की लग्न सहा महिने पुढे गेलं आहे, तर?” तिने मोठा श्वास सोडला. “आणि मोडलं असा निरोप आला तर?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आईला काय सांगू, हे आलं मनात. तो आलाच नाही.”

या उत्तरावरून निकाल काढू नये, असे मी तिला सांगितले. लग्नाआधीची धास्ती प्रेमात असलेल्यांनाही वाटते आणि सुटकेची भावना माणसापासूनची नसून तारखेपासूनचीही असू शकते. तोपर्यंत ती दोघे तीनदाच भेटली होती आणि तिन्ही वेळा घरचे सोबत होते. तेव्हा दोघांनीच भेटावे, समारंभाचा विषय काढू नये, पैसे, नोकरी, मुले आणि राग आल्यावर कोण कसे वागते यांवर बोलावे, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काय वाटते ते त्याला स्पष्ट सांगावे, असे आमचे ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सोळाव्या कलमात विवाहासाठी दोघांची मुक्त आणि पूर्ण संमती आवश्यक मानली आहे. मी तिला विचारले, की तुम्हाला नाही म्हणता आले असते का? “सगळे माझ्याकडे बघत होते,” एवढेच ती म्हणाली. (नकार दिल्यास मारहाण किंवा कोंडून ठेवण्याची भीती असती, तर मी भेटीगाठी सुचवल्या नसत्या, सुरक्षिततेची तजवीज आधी केली असती.)

पाच आठवड्यांनी ती आली तेव्हा त्यांच्या चार भेटी झाल्या होत्या. तिसऱ्या भेटीत तिने त्याला सांगितले होते. तो चिडला नाही, म्हणाला, “होईल सवय. आता लोकांना काय सांगणार?” ती म्हणाली, “मॅडम, तो वाईट नाही. पण मला काय होतंय, हे त्याने विचारलंच नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याला काय होत असेल, हे मीही विचारलं नाही. मला विचारावंसंच वाटलं नाही.”

हे दुसरे वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटले. पहिल्या वाक्यात तक्रार होती आणि तक्रारीवर बोलता येते, वागणे बदलता येते. दुसऱ्यात तिची स्वतःची अनिच्छा होती आणि चार भेटींनंतरही ती तसूभर हलली नव्हती. ‘चांगल्या मुलाला नाकारते आहे’ या अपराधीपणावर आम्ही आणखी दोन बैठका घालवल्या. ज्याचा सहवास आपल्याला नकोसा होतो, त्याला होकारात अडकवून ठेवण्यात त्याचेही भले नाही, हे तिला पटायला वेळ लागला.

नकार वडिलांकरवी कळवायचा, असे घरी ठरले होते. तिने तो निरोप थांबवला आणि त्याला स्वतः फोन केला. संभाषण अकरा मिनिटे चालले, आणि त्यातली पहिली चार तो काहीच बोलला नाही, असे तिने मला नंतर सांगितले.