कायदा विचारा : कंपनीला पगारी वकील कशाला?

प्रश्न : वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमचा पॅकेजिंगचा कारखाना आहे. मडगावचे एक वकील वर्षानुवर्षे आमच्या केसेस बघतात. मुलगा म्हणतो, आता पगारी मुख्य वकील नेमू. एक वकील असताना दुसरा कशाला?
– एक उद्योजक, मडगाव

उत्तर : मडगावचे वकील केस उभी राहिली की येतात. पगारी वकिलाचे काम त्याच्या बरेच आधी, तुमच्या गेटवरच्या आवक वहीपासून सुरू होते. समजा, पुरवठादाराने वाणिज्यिक दावा लावला. समन्स वॉचमनने सही करून घेतले, लिफाफा स्टोअरच्या ट्रेमध्ये पडला आणि दीड महिन्याने अकाउंट्समध्ये सापडला. किमान 3 लाखांच्या वाणिज्यिक दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून, खर्च लावून मुदत वाढवते, पण 120 दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो. मग वकील कितीही नावाजलेला असो.

म्हणून मुख्य वकिलाने पहिल्याच आठवड्यात एक तक्ता उघडायचा. कागद मिळाल्याची तारीख, कायद्याने दिलेली शेवटची तारीख, तिच्या सात दिवस आधीची आपली तारीख आणि एकाच माणसाचे नाव. दोन नावे लिहिली की काम कोणाचेच नसते. न्यायालयाचा किंवा सरकारी लिफाफा आला की गेटवरच तारखेसकट फोटो काढून त्याच दिवशी वकिलाला पाठवायचा. चेक परत आला, तर बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस, समोरच्याला ती मिळाल्यावर 15 दिवस थांबायचे आणि पुढच्या एका महिन्यात फिर्याद. मालाच्या थकबाकीच्या दाव्याला 3 वर्षे. पण ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी ‘बाकी देणे आहे’ असे लिहून दिले, तर 3 वर्षे नव्याने सुरू होतात. हे दोन्ही बाजूंनी चालते, त्यामुळे तुमच्या खरेदी विभागाने ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे वकिलाला न विचारता कोणाला लिहू नये.

खरेदी विभागाचाच दुसरा घोळ. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाशी 90 दिवसांच्या उधारीचा करार केला तरी कायदा 45 दिवसांपलीकडची मुदत मानत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. असे वाद ऐकणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेचा निवाडा विरोधात गेला आणि त्याला आव्हान द्यायचे, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. करारात शेवटच्या पानावर लवादाचे कलम असते, तेही कोणी वाचत नाही. ‘लवादाचे स्थान दिल्ली’ असे छापले असेल तर निवाड्याविरुद्ध दिल्लीलाच जावे लागते, माल वेर्ण्यात उतरला असला तरी.

नेमलात तर त्याला सेल्स किंवा फायनान्सच्या हाताखाली ठेवू नका. ज्याला ‘नाही’ म्हणायचे, त्याच्याकडून पगारवाढ घ्यायची, हे जमत नाही. त्याचे अशील कंपनी असते, एमडी नव्हेत. हे नेमणूकपत्रातच लिहा. कंपनी सेक्रेटरीशी गल्लत नको : 10 कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या खासगी कंपनीला पूर्णवेळ सेक्रेटरी सक्तीचा आहे, मुख्य वकील कायद्याने सक्तीचा नाही. महिन्याला दोन-चार करार आणि वर्षाला एखादी नोटीस एवढाच पसारा असेल, तर मडगावच्याच वकिलांना ठरावीक मासिक फी द्या आणि वरचा तक्ता हुशार क्लार्ककडे सोपवा. आमच्या मते तेवढे पुरेल.

प्रश्न : मुलीने सनद घेतली आहे. पणजीतली एक कंपनी तिला कायदा विभागात घेते आहे. नोकरी करून कोर्टात उभे राहता येईल का?
– पालक, फोंडा

उत्तर : नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. तसे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यायची. नोकरी सुटल्यावर अर्ज करून ती पुन्हा चालू करता येते. लोक हे कळवायचे विसरतात आणि पुढे अडचणीत येतात. पुढे कधी जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीचा विचार असेल, तर तिथे सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. कंपनीतली वर्षे त्यात धरली जात नाहीत.

प्रश्न : आमच्या कायदा प्रमुखांना लिहिलेले ईमेल गोपनीय असतात ना?
– एचआर मॅनेजर, डिचोली

उत्तर : तुम्हाला वाटते तेवढे नाहीत. 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चे वकील-अशील संरक्षण पगारी वकिलाला नाही, कारण तो न्यायालयात वकिली करत नाही. त्याने कंपनीच्या बाहेरच्या वकिलाशी केलेल्या पत्रव्यवहाराला कलम 134 चा आधार मिळतो. कंपनीने त्याला स्वतःला लिहिलेल्याला तोही नाही. तेव्हा अपघात किंवा अफरातफरीची चौकशी असेल, तर बाहेरचा वकील आधी नेमा, अहवाल त्याला मागू द्या. मेलच्या सीसीत कायदा प्रमुखांना टाकल्याने काहीही झाकले जात नाही.

प्रश्न : पेडण्यात गोदामासाठी जागा घेतो आहोत. मुंबईच्या मुख्य वकिलांनी कागद ‘क्लिअर’ म्हटले. पुरे?
– एक व्यवस्थापक, पेडणे

उत्तर : मुंबईची नजर इथे चुकते. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन नोंदीच्या) उताऱ्यावर नवऱ्याचे एकट्याचे नाव असते, पण गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक. विक्रीखतावर दोघांच्या सह्या हव्यात. मूळ मालक वारला असेल, तर इन्व्हेंटरीचे (वारसांत वाटणी ठरवणाऱ्या कोर्टाच्या कार्यवाहीचे) कागद किंवा वारसाखत मागा. जागेवर स्वतः जा. कोपऱ्यात घर असेल तर मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, कायद्याचे संरक्षण असलेला) आहे का, हे विचारा. कुळाची किंवा शेतजमीन असेल तर गोदामाचा विचार तिथेच थांबवा. आणि विक्रेत्याची पत्नी लंडनला असून तिने तिथे मुखत्यारपत्र केले असेल, तर ते भारतात आल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक भरला होता का, हे खतावर सही होण्याआधी बघा.