ठेकेदारांनी निविदेत रिंग केल्याचा संशय असेल तर हायकोर्टात जावं का?

तुम्ही लिहिलंय की तालुक्यातल्या रस्त्याच्या कामाला तीनच निविदा आल्या, तिन्ही दर अंदाजपत्रकाच्या थोडे वर आणि एकमेकांना खेटून, म्हणून रिट (हायकोर्टातली याचिका) करायची का. मी वकील आहे, निविदांची प्रकरणं चालवतो. रिट करता येते, पण नुसत्या रिंगच्या, म्हणजे ठेकेदारांनी आपसांत आधीच दर ठरवल्याच्या, आरोपावर ती क्वचितच टिकते.

राज्यघटनेच्या कलम 226 खाली कोर्ट मुख्यतः प्रतिज्ञापत्रांवर निकाल देतं. ठेकेदारांचं आपसांत काय ठरलं हा पुराव्याचा प्रश्न. त्यासाठी लागणारी चौकशी तिथे होत नाही. त्यातून 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पायाभूत कामांना स्थगिती देणं हायकोर्टांनी टाळावं, चूक आढळली तर नुकसानभरपाईचा विचार करावा. तो खटला झारखंडमधल्या रस्त्याच्याच कामाचा होता. हां, अटीच एखाद्या ठेकेदाराच्या मापाने बेतल्या असतील किंवा लिफाफे उघडताना कार्यालयानेच नियम मोडले असतील, तर मात्र रिटच करा. तिथे दोष प्रक्रियेचा असतो आणि तो कागदावर दाखवता येतो.

रिंगसाठी खरी जागा म्हणजे भारतीय स्पर्धा आयोग. स्पर्धा कायद्याच्या कलम 3(3) मध्ये निविदेतल्या संगनमताचा थेट उल्लेख आहे. तक्रार कोणीही करू शकतो, स्वतः निविदा भरलेली असण्याची गरज नाही. हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं की त्याचे महासंचालक चौकशी करतात, आणि त्यांना कॉल रेकॉर्ड, बँकेचे व्यवहार मागवता येतात. तुमच्या-माझ्या हाती ते कधीच लागणार नाही.

पुण्याचंच उदाहरण बघा. महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांविरुद्ध नागरिक चेतना मंच या संस्थेने 2015 साली तक्रार केली. एकाच आयपी पत्त्यावरून भरलेल्या निविदा आणि नावापुरते उभे केलेले स्पर्धक चौकशीत उघडे पडले. दंड कमी व्हावा म्हणून काही कंपन्यांनी स्वतःच आयोगाकडे कबुली दिली. 2018 मध्ये आयोगाने दंड ठोठावला. सामान्य नागरिकांच्या संस्थेने हे करून दाखवलं याचं मला आजही फार मोल वाटतं, कारण रिंगने चढलेला प्रत्येक रुपया आपल्या करातून जातो.

फक्त दर जवळजवळ आहेत एवढ्यावर तक्रार करू नका. राजस्थान सिलिंडर्स प्रकरणात 2018 साली सुप्रीम कोर्टाने आयोगाचा दंड रद्द केला; खरेदीदार मोजकेच आणि बाजाराची रचनाच तशी असेल तर दर सारखे येऊ शकतात, असं म्हटलं. म्हणून माहिती अधिकारात तिघांची कागदपत्रं मागा. अनामत रकमेचे डीडी कोणत्या शाखेतून, कोणत्या तारखेला निघाले? दरविश्लेषणात चुकासुद्धा सारख्याच आहेत का? हरलेल्यालाच पुढे उपठेका मिळालाय का? मागच्या दोन-तीन वर्षांत त्याच विभागातली कामं हेच तिघे आळीपाळीने घेत आलेत का?

कार्यारंभ आदेश अजून निघाला नसेल तर आजच कार्यकारी अभियंत्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. निविदा रद्द करणं तेव्हा विभागाच्याच हातात असतं. ई-निविदेचे लॉग जपून ठेवावेत अशी मागणीही त्याच अर्जात करा. आयोगाकडे जायला 2023 च्या दुरुस्तीनंतर 3 वर्षांची मुदत आहे.