थायलंडला कार्डाने पैसे काढताना

पहिल्यांदाच जाताय, म्हणून आधी मशीनच्या पडद्याबद्दल सांगतो. बँकॉकच्या एटीएममध्ये रक्कम टाकली की बऱ्याचदा विचारणा होते: रुपयांत रूपांतर करून हवं का? रुपयातला आकडा समोर दिसला की बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तसं करू नका. तो दर मशीनवाल्यांचा, कार्ड कंपनीच्या दरापेक्षा बहुतेक वेळा बराच महाग. रूपांतर नाकारा, व्यवहार रद्द होत नाही, पैसे मिळतातच. पहिल्या खेपेला मी घाबरून 'हो' दाबलं होतं, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

परदेशी कार्डावर तिथे दर वेळी साधारण 220 बाट शुल्क लागतं, काही ठिकाणी जास्तच. 2,000 बाट काढले तर 11 टक्के गेले, 20,000 काढले तर 1.1. त्यामुळे थोडे थोडे काढत बसू नका. वर आपली बँक मार्कअप, म्हणजे चलन बदलून देण्याचा जादा आकार, लावते, अनेकदा 3.5 टक्के, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी.

क्रेडिट कार्डाने रोख काढूच नका, व्याज त्याच दिवसापासून चढतं. आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू करा. एटीएमसाठीचं बटण बहुधा वेगळं असतं, तेही बघा.