लाइट नॉव्हेलवरची मांगा अर्ध्यावरच का संपते?

"कादंबरी चालू असते, मग मांगा मध्येच का बंद पडते? चित्रकार कंटाळतात का?" असं तुम्ही विचारलंय. (लाइट नॉव्हेल म्हणजे तरुण वाचकांसाठीची, खंडाखंडांनी निघणारी जपानी कादंबरी; मांगा म्हणजे जपानी चित्रकथा.) तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी लिहायला बसले. कंटाळत नाहीत. हा आरोप मी स्वतः ऐकलाय.

खरं कारण पैशाचं आहे. अशी मांगा बहुतेकदा कादंबरी खपावी म्हणून काढलेली असते. जपानच्या कादोकावासारख्या प्रकाशनाच्या एकाच घरात कादंबरी निघते, मांगा छापणारं मासिक निघतं आणि ॲनिमेतही, म्हणजे पडद्यावरच्या ॲनिमेशन मालिकेतही, त्यांचा वाटा असतो. ॲनिमे यायच्या सुमारास मांगा जोरात चालवतात. तो संपला, कादंबरीला हवे तेवढे वाचक मिळाले, की मासिकातली पानं पुढच्या मालिकेला जातात. लग्न लागलं की मांडव उतरवतात, तसंच.

दुसरी अडचण वेगाची. 'री:झीरो'च्या कादंबरीचे पहिले 9 खंड ॲनिमेने 2016 मध्ये 25 भागांत उरकले. तेवढ्याच कथेला मांगाचे 18 खंड लागले. तेही तीन मालिकांत, दोन चित्रकारांत वाटून, आणि पाचाहून जास्त वर्षं खर्ची घालून. तोवर मूळ कादंबरी कुठल्या कुठे गेलेली असते.

एवढा वेळ का लागतो, ते मला विचारा. कॉलेजात असताना माझ्या मैत्रिणीच्या दीर्घकथेची चित्रकथा मी वार्षिकांकासाठी काढत होते. तिचं एक वाक्य होतं, "बोट बंदराला लागली तेव्हा पाऊस थांबला होता." तिने ते चहा पिता पिता लिहिलं असेल. मला त्यासाठी दोन पानं लागली. बंदर कसलं, धक्का दगडी की लाकडी, माणसं किती, कोणाच्या अंगावर इरलं आणि कोणाच्या हातात छत्री, ओल्या दोरखंडावर उजेड कुठून पडतोय, हे सगळं मलाच ठरवायचं होतं. वर नायिकेच्या मनातलं पानभर बोलणं. ते फुग्यांत कोंबलं तर चित्र मरतं आणि गाळलं तर ती का रडते ते कळत नाही. मी तिचे हात काढले, नुसते हात, चार चौकटींत. ते पान मला आजही आवडतं.

पहिला भाग 'क्रमशः' म्हणून छापला. पुढच्या वर्षी कथेला बक्षीस मिळालं, ती पुस्तकात आली, आणि मला सांगण्यात आलं की कथा आता सगळ्यांनी वाचलीच आहे, चित्रांना पानं कशाला? दुसऱ्या भागाची कच्ची रेखाटनं तयार होती. माझा मामेभाऊ मात्र अजून चारचौघांत सांगतो, "हिने अर्धवट सोडलं." दादा, मी सोडलं नाही. माझी पानं काढून घेतली. यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने बंद पडलेल्या मांगाबद्दल बोलू नये.

आता हेही खरं की बंद पडलेली वाटणारी प्रत्येक मांगा बंद पडलेली नसते. 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' या कादंबरीमालिकेच्या 'आइनक्राड' या भागाची मांगा 2 खंडांत आटोपली आणि पुढचा भाग 'फेअरी डान्स' दुसऱ्या चित्रकाराने 3 खंडांत काढला. तिथे आधीच तुकडे पाडलेले होते. काही चित्रकार आजारी पडतात, काहींना स्वतःची गोष्ट सांगायची असते. आणि शेवटापर्यंत गेलेल्याही आहेत. 'स्पाइस अँड वुल्फ'ची मांगा केइतो कोउमे यांनी 2007 पासून दहा वर्षं काढली आणि 16 खंडांत पूर्ण केली. ॲनिमेचा दुसरा सीझन 2009 मध्येच संपला होता, तरी मासिकाने त्यांची पानं काढून घेतली नाहीत. पानं मिळाली की चित्रकार काय करतो, ते तिथे बघा.

तुमची मांगा कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत. कुठलीही असो, कादंबरी मधूनच उचलू नका, पहिल्या खंडापासून वाचा. मनातलं बरंचसं बोलणं चित्रांत गाळावंच लागतं, आणि पुढचे खंड त्यावरच उभे असतात. मांगाचे निघालेले खंडही विकत घ्या. पुढचा खंड काढायचा की नाही हे आधीच्यांच्या खपावर ठरतं, आणि नेटवरच्या फुकट, चोरट्या स्कॅन प्रती वाचून "चित्रकार आळशी" म्हणणाऱ्यांचं वाचन त्या हिशोबात कुठेच धरलं जात नाही. माझा मामेभाऊही स्कॅनच वाचतो.