फ्रिगेट आणि गस्ती जहाज : खर्चाची तुलना कशी करावी?

प्रश्न : फ्रिगेट ही युद्धनौका आणि सागरी गस्ती जहाज छायाचित्रात पाहिले तर सामान्य माणसाला फारसा फरक कळत नाही. लांबीतही कधी कधी दहा-पंधरा मीटरचेच अंतर असते. तरीही फ्रिगेट वर्षभर चालवायला गस्ती जहाजाच्या कित्येक पट खर्च येतो, असे वाचनात येते. हा फरक इंधनामुळे पडतो की आणखी कशामुळे?

उत्तर : इंधनाचा वाटा निश्चित आहे, पण मुख्य फरक माणसांचा आणि त्या माणसांच्या हाती दिलेल्या यंत्रणांचा आहे. नेदरलँड्सच्या नौदलातील दोन जहाजे शेजारी ठेवली की हे लख्ख दिसते. कारेल डोरमन वर्गातील फ्रिगेट १२२ मीटर लांब आणि सुमारे ३,३०० टन वजनाची असून तिच्यावर दीडशेच्या वर माणसे असतात. त्याच नौदलाने पुढे बांधलेले हॉलंड वर्गातील गस्ती जहाज १०८ मीटर लांब आहे, पण त्याचे वजन सुमारे ३,७५० टन, म्हणजे फ्रिगेटपेक्षा जास्त भरते. तरीही ते चालवायला साधारण पन्नास माणसे पुरतात. खर्च पोलादाच्या वजनावर ठरत असता, तर हे गस्ती जहाज फ्रिगेटहून महाग पडले असते.

मग फ्रिगेटवरची ती वरची शंभर माणसे करतात काय? त्यासाठी तिच्या आतल्या भागातील युद्धसंचालन कक्ष डोळ्यांपुढे आणावा लागेल. मंद उजेडात पडद्यांच्या रांगा असतात. एक जण आकाशातील हालचालींवर नजर ठेवतो, दुसरा सोनारमधून येणारा पाणबुडीचा माग ऐकतो, तिसरा शत्रूच्या रडारची किरणे पकडतो, चौथ्याच्या हाती क्षेपणास्त्रे असतात. यातली कोणतीही खुर्ची रात्री रिकामी ठेवता येत नाही. पाळ्या लावाव्या लागतात, म्हणजे एका खुर्चीमागे दोन-तीन माणसे येतात. ही यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ वेगळे. जहाजाला मार बसला तर एकाच वेळी आग विझवणे, पाणी उपसणे आणि जखमींना हलवणे ही कामे करणाऱ्या तुकड्या वेगळ्या, आणि या सर्वांना जेवू घालणारेही वेगळेच. शिवाय यातला प्रत्येक जण काही महिने किनाऱ्यावर प्रशिक्षण घेऊन आलेला असतो आणि तो खर्चही अखेर त्या जहाजासाठीच झालेला असतो. गस्ती जहाजाच्या सुकाणूकक्षात मात्र पाळीवरचा अधिकारी आणि त्याच्या सोबतीला एक-दोन खलाशी यांच्यावर भागते, आणि अनेक नव्या जहाजांच्या इंजिनखोलीत व्यापारी जहाजांप्रमाणे रात्री माणूस नसतो. बिघाड झाला तर धोक्याची घंटा वाजते.

दुरुस्तीचेही असेच आहे. ब्रिटनच्या टाइप २३ फ्रिगेटमध्ये दोन गॅस टर्बाइन, चार डिझेल जनित्रे आणि दोन विद्युत मोटारी एकत्र काम करतात. पाणबुडीचा शोध घेताना स्वतःचा आवाज कमीत कमी व्हावा म्हणून ही गुंतागुंत पत्करलेली आहे. ब्रिटनचेच रिव्हर वर्गातील गस्ती जहाज दोन डिझेल इंजिनांवर चालते. अशा इंजिनांचे सुटे भाग मिळवणे आणि ती जाणणारा कारागीर शोधणे तुलनेने सोपे असते, तर फ्रिगेटच्या रडारचा एखादा भाग जगात एकच कारखाना बनवत असतो आणि त्याने उत्पादन थांबवले की जुन्या यंत्रणेचा सांभाळ दरवर्षी महाग होत जातो. टाइप २३ च्या आराखड्यात १८ वर्षांचे आयुष्य धरले होते. प्रत्यक्षात या वर्गातील काही जहाजे तीस वर्षे ओलांडून गेली. त्यांतील नॉर्थम्बरलँड ही फ्रिगेट दुरुस्तीसाठी घेतली असता तिच्या सांगाड्याची झीज इतकी निघाली की खर्च परवडणार नाही असे ठरवून २०२४ मध्ये तिची निवृत्ती जाहीर करावी लागली.

आता इंधनाकडे वळू. जहाजाचा वेग वाढतो तशी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १२ नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) २४ नॉटवर जायचे तर शक्ती आठपट लागते. अंतर निम्म्या वेळात कापले जाते हे जमेस धरले तरी प्रत्येक सागरी मैलामागे इंधन सुमारे चौपट जळते. म्हणून जहाज कोणते आहे यापेक्षा ते कोणत्या वेगाने चालवले जाते, यावर इंधनाचे बिल अधिक ठरते. हॉलंड वर्गाची वेगमर्यादा २१.५ नॉटच्या आसपास ठेवली आहे, ती याच हिशेबाने; पळणाऱ्या तस्कराला गाठायचे काम जहाजाने स्वतः न करता त्यावरील वेगवान होड्यांनी आणि हेलिकॉप्टरने करायचे, अशी त्यामागची योजना आहे. आमच्या मते या साऱ्या चर्चेतला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे.

प्रश्न : निरनिराळ्या देशांची आकडेवारी पाहिली तर ‘प्रति जहाज वार्षिक खर्च’ असा एकच आकडा दिलेला असतो. त्यावरून तुलना करणे योग्य आहे का?

उत्तर : तेवढ्या एका आकड्यावरून तुलना करू नये. नौदलाला हवे असते ते बंदराबाहेर, समुद्रावर घालवलेले दिवस, आणि वर्षाच्या आकड्यात नेमके तेच झाकले जाते.

रिव्हर वर्गाच्या पहिल्या तीन जहाजांपैकी प्रत्येकावर एकूण ४५ जणांची नेमणूक असे आणि एका वेळी त्यांतील दोन तृतीयांश, म्हणजे तीस जण जहाजावर असत. उरलेले रजेवर किंवा प्रशिक्षणात. माणसे आळीपाळीने बदलत असल्याने जहाजाला घरी परतण्याची घाई नसे. समजा असे जहाज वर्षातले ३०० दिवस समुद्रावर राहिले, तर ४५ जणांचा वर्षभराचा पगार त्या दिवसांत वाटून समुद्रावरच्या प्रत्येक दिवसामागे सुमारे ५५ माणसांचा एका दिवसाचा पगार पडतो. टाइप २३ वर १८५ माणसे असतात आणि ती शक्यतो एकत्रच जातात-येतात. ती फ्रिगेट वर्षातले १५० दिवस समुद्रावर राहिली असे धरले, तर त्याच हिशेबाने प्रत्येक दिवसामागे ४५० माणसांचा पगार येतो. दिवसांचे आकडे आम्ही केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, पण मुद्दा त्यातून स्पष्ट होतो : माणसांच्या संख्येत फरक चौपट आहे आणि समुद्रावरच्या दिवसाच्या खर्चात तो आठपट झाला.

उलट दिशेचे उदाहरणही पाहायला हवे, कारण माणसे कमी केली की जहाज आपोआप स्वस्त होते असा समज त्याने पुरता खोडून निघतो. अमेरिकेने किनारी युद्धासाठी बांधलेल्या एलसीएस (लिटोरल कॉम्बॅट शिप) जहाजांवर सुरुवातीला मूळ कर्मचारी अवघे चाळीस ठेवले होते. वेग मात्र चाळीस नॉटच्या वर हवा होता. त्यासाठी डिझेल इंजिने आणि गॅस टर्बाइन एकत्र जोडावी लागली, आणि त्यांतील फ्रीडम वर्गात ती जोडणारी दातेरी चक्रांची पेटीच वारंवार बिघडत राहिली. जहाजावर हात कमी असल्याने रोजची देखभालही किनाऱ्यावरील कंत्राटदारांकडे गेली. परिणामी एका एलसीएसचा २०१८ सालातील खर्च सुमारे ७ कोटी डॉलर भरला, तर तिच्या दुपटीहून कितीतरी मोठ्या आणि तीनशेच्या आसपास माणसे असलेल्या विनाशिकेचा सुमारे ८.१ कोटी. जहाजावरून कमी केलेला माणूस किनाऱ्यावरच्या बिलात परत आला.

प्रश्न : मग नौदले फ्रिगेट कमी करून गस्ती जहाजांची संख्या का वाढवत नाहीत?

उत्तर : काहींनी ते केले आहे. नेदरलँड्सने कारेल डोरमन वर्गातील आठपैकी सहा फ्रिगेट बेल्जियम, पोर्तुगाल आणि चिली या देशांना विकल्या आणि हॉलंड वर्गाची चार गस्ती जहाजे बांधली. फ्रान्सने १९९० च्या दशकात दूरच्या बेटांवरील गस्तीसाठी फ्लोरेआल वर्गाची सहा जहाजे व्यापारी जहाजांच्या मानकांनुसार बांधली. त्यांना नाव फ्रिगेटचे दिले असले तरी डिझेलवर २० नॉटने चालणारी ती जहाजे खर्चाच्या दृष्टीने गस्ती जहाजेच होत. तुलनेच्या तक्त्यात ‘फ्रिगेट’ हा शब्द दिसला की आधी ती कोणत्या जातीची, हे पाहावे. ब्रिटनने २०२१ मध्ये स्पे आणि टेमार ही गस्ती जहाजे हिंद-प्रशांत क्षेत्रात दीर्घ मुदतीसाठी पाठवली, आणि त्यामुळे तेवढ्या कामासाठी फ्रिगेट गुंतवावी लागली नाही. मासेमारीवर देखरेख, तस्करीविरोधी कारवाई, वादळानंतरची मदत, बंदरभेटी या कामांत फ्रिगेट पाठवणे म्हणजे तिच्या सोनारतज्ज्ञांना आणि क्षेपणास्त्र चालकांना महिनोन्‌महिने स्वतःच्या कामाविना समुद्रावर ठेवणे आहे. त्यांचा सरावही त्यात मागे पडतो.

परंतु मार्च २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात रिचमंड या टाइप २३ फ्रिगेटने येमेनमधील हुथी बंडखोरांचे दोन हल्लेखोर ड्रोन क्षेपणास्त्रांनी पाडले. तिच्या जागी स्पे असती, तर ३० मिमीच्या तोफेवर विसंबून तिला ते व्यापारी मार्ग राखता आले नसते. त्या एका सकाळच्या काही मिनिटांसाठी रिचमंडवरील सर्व खुर्च्या, सर्व पाळ्या आणि किनाऱ्यावरचे सर्व प्रशिक्षण अनेक वर्षे सांभाळले गेले होते. फ्रिगेटचा वार्षिक खर्च म्हणजे मुख्यतः या तयारीचा खर्च, आणि गस्तीच्या दिवसांनी त्याला भागून काढलेला आकडा तिच्यावर अन्याय करतो. म्हणून वर दिलेला आमचा आठपटीचा हिशेब गस्तीच्या कामापुरताच खरा मानावा.

ज्या वाचकांना सरकारी आकडे स्वतः तपासायचे असतील, त्यांनी त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत की नाहीत ते पाहावे : हेलिकॉप्टर आणि त्याचे वैमानिक, सुक्या गोदीतील मोठी दुरुस्ती, आणि दारूगोळा. हेलिकॉप्टरचा खर्च पुष्कळदा हवाई शाखेच्या खात्यात लिहिला जातो आणि मोठी दुरुस्ती ज्या वर्षी होते त्याच वर्षी दिसते. त्यामुळे एकाच वर्गातील दोन जहाजांचे एकाच वर्षीचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत, आणि निदान एका मोठ्या दुरुस्तीपासून पुढच्या दुरुस्तीपर्यंतची सरासरी घेतल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही.